ऐंशी नंबरचं दार

कुलूपवाल्याला चोराची भीती नसते, अब्रूची असते. शिंप्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं तर लोक हसतात आणि सोडून देतात. पण कुलूपवाल्याच्याच दुकानाला कोणी ‘असुरक्षित’ म्हटलं, तर त्याने तोंड कुठे लपवायचं?

त्या सकाळी नेमकं तेच झालं. कोणी तोंडाने म्हटलं नव्हतं, एवढंच. दुकानाच्या वेबसाइटवर एरवी जिथे कुलपाचं इवलंसं चित्र असायचं तिथे लाल फुली आली होती, आणि खाली ठळक अक्षरांत, साऱ्या जगाला दिसेल असं लिहिलं होतं: ही जागा सुरक्षित नाही, पुढे जाऊ नये.

बातमी दिली तिजोरीवाल्या मावशींनी. या खऱ्या कोणाच्याच मावशी नव्हत्या. दूरच्या एका गावात अडकलेल्या तिजोऱ्या उघडून द्यायचं काम करायच्या, आणि धंद्यातली सगळी माणसं त्यांना मावशी म्हणायची. फोनवर आधी त्या पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, “अगं, तुमच्याच दारावर फुली? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?”

फोन घेतला होता थोरलीने. दुकान तिच्या वडिलांचं, आप्पांचं. पण आप्पांची नजर मंदावल्यापासून काउंटरही तिचा आणि बारीक कामही तिचंच; आप्पांकडे उरली होती ती फक्त कानस. सगळे तिला थोरली म्हणत, कारण घरात एक धाकटाही होता. धाकटा गेला त्याला वर्ष होत आलं, तरी तिचं नाव थोरलीच राहिलं होतं.

धाकट्याने बहिणीच्या नावे एकच वस्तू मागे ठेवली होती. मागच्या खोलीत, कोऱ्या किल्ल्यांच्या रॅकखाली, एक काळा सर्व्हर. आप्पा त्याला डबा म्हणत. हळूहळू सगळेच डबा म्हणायला लागले, धाकटासुद्धा. त्या डब्यात आप्पांचं उभं आयुष्य होतं. हाताखालून गेलेलं प्रत्येक कुलूप खोलून, त्याच्या पोटातल्या खटक्यांचं आणि स्प्रिंगांचं चित्र काढून ठेवायची आप्पांना सवय होती. धाकट्याने ती सगळी चित्रं एकेक करून डब्यात घातली, गावोगावच्या कुलूपवाल्यांना पासवर्ड दिले आणि वेबसाइट सुरू केली. कुठे बुडालेल्या कंपनीचं जुनं कुलूप अडलं, की तिथला कारागीर आप्पांचं चित्र बघायचा आणि कुलूप न फोडता उघडायचा. कुठकुठची अनोळखी माणसं आप्पांच्या हाताने काम करत होती म्हणा ना.

आजारपणात, उशीला टेकून, धाकट्याने बहिणीला हा डबा सांभाळायला शिकवलं. ती शिकली, आणि चांगली शिकली. दर आठवड्याला चित्रांची दुसरी प्रत काढून ठेवायची, पंख्यातली धूळ फुंकायची, वीज जाऊन आली की डबा नीट उठलाय का बघायची. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला हे जमतंय याचं लोकांना नवल वाटे. थोरलीला त्या नवलाचा राग यायचा आणि थोडी मजाही वाटायची.

तर मावशींचं हसू थांबल्यावर थोरली घाईघाईने म्हणाली, “काही नाही हो मावशी, साइटच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली दिसते. मी बघते. तोवर तुम्ही असं करा, खाली बारीक अक्षरांत ‘तरीही पुढे जा’ असं दिसेल, त्याच्यावर दाबा आणि जा आत.”

मागून येणारा कानशीचा आवाज थांबला.

“काय सांगितलंस तिला?” आप्पा म्हणाले.

थोरलीने फोनवर हात धरला. “काही नाही आप्पा, तात्पुरतं...”

“कुलूप मोडलेलं दिसतंय, तरी आत जा, असं सांगितलंस. या दुकानातून.” आप्पांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं, असं थोरलीला वाटलं. “आणि आत जाऊन पासवर्ड टाका, असंही सांगणार असशील.”

ती खाली बघायला लागली. म्हातारा शंभर टक्के बरोबर बोलत होता. जिथे दाराचीच खात्री नाही तिथे आपली गुपितं घेऊन जा, असं तिने एका तिजोरीवाल्या बाईला सांगितलं होतं. तिकडे मावशीही फोनमधून सांगत होत्या, “नाही गं बाई, फुली दिसली की मी हात लावत नाही. अंगवळणी पडलंय. मी थांबते, तू कर तुझं. पण एक तिजोरी उघडून द्यायची आहे, तेवढं लक्षात ठेव.”

फोन ठेवला तरी आप्पा तसेच उभे होते. म्हणाले, “ज्या दुकानावर असं लिहून येतं ते दुकान माझं नाही. आज शटर ओढायच्या आत काय ते निस्तर. नाही जमलं तर दुकानाबरोबर तो डबाही बंद. आणि उद्या तो उघडायचा नाही.”

आप्पांचा शब्द एकदा पडला की पडला. त्याला किल्ली नव्हती.

ही धमकी नुसत्या एका यंत्रापुरती असती तर थोरलीने खांदे उडवले असते. चित्रं कागदावर होतीच. पण गोष्ट चित्रांची नव्हती. धाकटा तरुण असताना दुकानातलं, कुलूप धरायच्या पकडीसमोरचं स्टूल सोडून कॉम्प्युटर शिकायला गेला, ते आप्पांच्या मनात कायमचं सलत राहिलं. पुढे त्याने वेबसाइट केली, कारागिरांचे फोन यायला लागले, तरी आप्पा कोणालाही सांगताना म्हणत, माझं एकच मूल धंद्यात आहे, दुसरं कॉम्प्युटरचं काहीतरी करतं. धाकटा गेल्यावर घरी भेटायला आलेल्या माणसांपुढेही आप्पा म्हणाले होते, “हुशार होता हो. पण कुलपातलं त्याला काही कळत नव्हतं.” थोरली तेव्हा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने कप ठेवले, पण त्या वाक्यासाठी तिने बापाला अजून माफ केलं नव्हतं. ते वाक्य खोडून काढू शकेल अशी एकच वस्तू जगात उरली होती, आणि ती रॅकखाली गुणगुणत होती. आज ती बंद पडली असती तर आप्पांच्या म्हणण्यावर शिक्काच बसला असता.

ती मागच्या खोलीत गेली, स्टूल ओढलं आणि कीबोर्ड पुढे घेतला.

प्रमाणपत्र म्हणजे काय, हे धाकट्याने तिला तिच्याच भाषेत सांगितलं होतं. तू कोणाला घराची किल्ली बनवून देतेस तेव्हा आधी विचारतेस ना, घर तुमचंच कशावरून? तसंच आहे ते. बाहेर एक संस्था असते. ती खात्री करून घेते की हे नाव आणि ही जागा खरंच आपली आहे, आणि तसं लिहून देते. ते लिहिलेलं काही महिनेच चालतं, मग तिची पुन्हा खात्री पटवावी लागते. ती एक चिठ्ठी देते आणि म्हणते, ही तुमच्या दारात ठेवा, मी येऊन बघते. चिठ्ठी जागेवर दिसली की जागा तुमची. हे सगळं डबा आपणहून करतो, ताई, तुला काहीच करावं लागणार नाही.

“आणि नाही केलं त्याने तर?” तिने विचारलं होतं.

“तर मला शिव्या दे,” धाकटा म्हणाला होता.

आता शिव्या देऊन काही व्हायचं नव्हतं. त्याने शिकवलेली आज्ञा तिने टाइप केली: प्रमाणपत्र नवं करून घे. डब्याने थोडा विचार केला आणि नकार दिला. नकाराबरोबर पाचसहा ओळींचा मजकूर आला होता. तिने त्यातलं ‘जमलं नाही’ एवढंच वाचलं आणि पुन्हा तीच आज्ञा दिली. पुन्हा नकार. डबा बंद करून चालू केला. तरी नकार. मग तिने ओठ आवळून परत परत तेच केलं, आणि शेवटी संस्थेकडून वेगळंच उत्तर आलं. फार वेळा चुकलात. आता तासभर थांबा, तोवर आम्ही तुमचं ऐकणार नाही.

थोरलीच्या कानशिलांत गरम झालं. किल्ली फिरत नाही म्हणून आणखी जोर लावणाऱ्या गिऱ्हाइकांवर तिने जन्मभर डोळे वटारले होते. जोर लावून कुलूप उघडत नाही, किल्ली तुटते, हे वाक्य ती झोपेतही म्हणू शकली असती. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तिने तेच केलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एवढ्यात बाहेर कोणीतरी काउंटरवर टकटक केली. शेजारचा चष्मेवाला होता, हातात पत्र्याच्या कपाटाचं कुलूप घेऊन.

“ताई, हे बघा ना. किल्ली आत जाते, फिरत नाही.”

थोरलीने कुलूप हातात घेतलं. या दुकानाची एक रीत होती, आप्पांनी घालून दिलेली. कुलूप कितीही साधं असो, त्याला हत्यार लावायच्या आधी माणसाला एक प्रश्न विचारायचा. तो तिने विचारला.

“शेवटचा हात कोणी लावला याला?”

“कोणीच नाही. आपोआप बिघडलं.”

“आपोआप फक्त केस पांढरे होतात,” थोरली म्हणाली. “आठवून बघा.”

चष्मेवाल्याने आढ्याकडे बघितलं. मग जरा ओशाळून म्हणाला, “म्हणजे, तसं बिघडलं नव्हतंच. चांगलं चालत होतं. मीच म्हटलं अजून सुळसुळीत व्हावं, म्हणून स्वयंपाकाचं तेल सोडलं थोडं. पण त्याला झाले दोनतीन महिने. तेव्हा तर काही झालं नाही.”

“तेव्हा होतच नाही. तेल हळूहळू चिकट होतं, त्यात धूळ बसते, आणि एक दिवस सगळं आवळून धरतं. चांगल्या कुलपाला चांगलं करायला गेलात आणि...”

ती बोलता बोलता थांबली. तोंड उघडंच राहिलं तिचं. चष्मेवाला घाबरला, म्हणाला, “एवढं वाईट आहे का?”

“तुमचं नाही,” थोरली म्हणाली. “ठेवून जा. संध्याकाळी घेऊन जा.”

ती मागच्या खोलीत आली आणि संस्थेचा मजकूर आता पहिल्या अक्षरापासून वाचला. अर्थ सरळ होता. आम्ही तुमच्याकडे आलो होतो, ऐंशी नंबरच्या दारावर थाप मारली, आतून कोणी उघडलं नाही. मध्ये बहुधा भिंत घातलेली आहे.

भिंत घातलेली होतीच. घालणारी ती स्वतः होती.

डब्याला पुष्कळ दारं असतात, आणि प्रत्येक दाराला नंबर असतो. येणारेजाणारे ज्या दाराने येतात ते मुख्य दार, भक्कम कुलपाचं. त्याच्याशिवाय एक जुनं दार असतं, ऐंशी नंबरचं. त्याला कुलूपच नसतं. उन्हाळ्यात एकदा रेडिओवर कोणी तज्ज्ञ बाई सांगत होत्या की या ऐंशी नंबरच्या दाराने जे जातं ते उघड्यावर जातं, कोणीही वाचू शकतं. ते ऐकून थोरलीने हातातला घास परत ताटात ठेवला होता. कुलूपवाल्याच्या दुकानात बिनकुलपाचं दार? तिने त्याच दुपारी बसून, शोधून, वाचून, त्या दाराला फायरवॉलची भिंत घातली. सगळं पूर्वीसारखंच चालत राहिलं, कोणाची तक्रार आली नाही. थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. तिने आप्पांनाही मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, आणि डब्याबद्दल कधी चांगला शब्द न काढणारे आप्पाही म्हणाले होते, “हे मात्र बरं केलंस.”

किराणावाल्याच्या दुकानात हे घडलं नसतं, डॉक्टरच्या दवाखान्यात घडलं नसतं. तिथल्या लोकांना उघड्या दाराचा एवढा तिटकारा नसतो. ही चूक करायला पिढीजात कुलूपवालेच लागतात. हातातलं जुनं प्रमाणपत्र चालू होतं तोवर काही बिघडलं नाही. त्याची मुदत संपत आली, डब्याने नवं मागितलं, संस्थेचा तपासनीस चिठ्ठी बघायला ऐंशी नंबरच्या दारावर आला, आणि भिंतीवर डोकं आपटून परत गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणत थोरली स्वतःशीच हसली. हसली खरी, पण आता हे आप्पांना सांगायचं होतं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे ते दार परत उघडायचं म्हणतेस.”

“हो.”

“बिनकुलपाचं.”

“हो.”

“मी जिवंत असताना नाही,” आप्पा म्हणाले आणि कानस उचलली. “हेच म्हणतो मी. त्याला काही कळत नव्हतं. दार ठेवायचं आणि कुलूप नाही लावायचं, हा कुठला धंदा? तू ते बुजवलंस तेच शहाणपण होतं. राहू दे डबा बंद.”

थोरलीला एवढा राग आला की तिने बापाच्या हातातली कानस काढून घेतली. आजवर कधी केलं नव्हतं तिने असं. “कुलूप न बघता मत द्यायचं नाही, हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच ना? एकदा या आणि बघा. त्याने ते दार कसं बसवलंय ते मीसुद्धा कधी पाहिलं नाही. दोघं मिळून बघू. वाईट असेल तर मी स्वतः हा डबा बंद करीन.”

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग उठले. इतकी वर्षं डबा त्या खोलीत होता, पण आप्पा त्याच्यासमोर कधी बसले नव्हते. किल्ली घ्यायला आत यायचे आणि त्याच्याकडे पाठ करून रॅकवर हात फिरवायचे. आज थोरलीने त्यांना स्टूल दिलं आणि आपण खोक्यावर बसली.

तिने धाकट्याने लिहिलेल्या सूचना पडद्यावर उघडल्या. ऐंशी नंबरच्या दारासाठी थोड्याच ओळी होत्या. तिने त्या मनात दोनदा वाचल्या, मग बोट ठेवून सांगायला सुरुवात केली.

“हे बघा. या दाराने कोणीही आत आलं, की त्याला इथे उभंच करत नाहीत. लगेच सांगतात, मुख्य दाराने या. काही देत नाहीत, काही घेत नाहीत. फक्त एकच जागा सोडली आहे. एक फळी म्हणा. त्या फळीवर संस्थेची चिठ्ठी ठेवलेली असते, तेवढी वाचता येते.”

“फळी रोज असते?”

“फळी असते, चिठ्ठी नसते. तपासणीच्या वेळेला डबा ती ठेवतो, आणि तपासनीस गेला की उचलून घेतो.”

“दुसऱ्या कोणी वाचली तर?”

“वाचू दे. बाहेरच्याला उपयोगाचं तीत काही नाही. चिठ्ठी इथे आहे एवढंच तिचं काम.”

आप्पा पडद्याच्या अगदी जवळ गेले. अक्षरं त्यांना कळत नव्हती, पण ओळी कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते बघत होते. गिऱ्हाइकाचं कुलूप उजेडात धरून बघायचे, तसेच बघत होते.

“त्या फळीवरून आतल्या चित्रांकडे जायला वाट?”

“नाही.”

“नीट बघ. मागून, बाजूने?”

थोरलीने नीट बघितलं. “नाही, आप्पा. कुठूनच नाही. फळीच्या मागे भिंत आहे.”

“आणि मुख्य दाराची किल्ली? ती या फळीपाशी कुठे पडलेली नाही ना?”

“नाही. ती आत आहे, वेगळ्या जागी. डब्याशिवाय कोणाला हात लावता येत नाही तिला.”

आप्पा मागे सरले. बाहेर रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. मग आप्पा म्हणाले, “मोठ्या तिजोरीच्या खोलीला आम्ही असं करतो. बाहेरचं दार उघडतं ते एका रिकाम्या खोलीत. तिथे मुद्दाम काही ठेवायचं नसतं. आलेला माणूस कोण आहे ते तिथे बघायचं, आणि मग खऱ्या दाराकडे न्यायचं. बाहेरच्या दाराला कुलूप असलं काय, नसलं काय, फरक पडत नाही. हे कोणी पुस्तकात लिहीत नाही. मी माझ्या वस्तादाकडून उचललं.” ते थांबले. “या पोराने कुठून उचललं?”

“तुमच्याबरोबर बँकेच्या कामाला यायचा ना लहानपणी. हत्यारांची पिशवी धरून.”

“मला वाटायचं त्याचं लक्ष नसतं.”

“लक्ष होतं, आप्पा.”

“मला कधी सांगितलं नाही त्याने हे.”

थोरलीच्या जिभेवर एक उत्तर आलं. वर्षभर दाबून ठेवलेलं उत्तर होतं, आणि ते तिने या वेळी दाबलं नाही. “तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

आप्पांनी मान हलवली. “नाही विचारलं,” ते म्हणाले. मग कारखान्यात हुकूम सोडावा तसं म्हणाले, “उघड ते दार.”

तिने भिंत काढली. तासाची शिक्षा कधीच संपून गेली होती, दुपारही कलली होती. पण आता तिला घाई नव्हती. धाकट्याने शिकवलेलं आणखी एक तिला आठवलं, जे सकाळच्या तारांबळीत ती विसरली होती: खरं मागण्याआधी रंगीत तालीम करायची. तालमीत चुकलं तर संस्था रागवत नाही. तिने तालमीची आज्ञा दिली. दोघंही पडद्याकडे झुकले. चिठ्ठी ठेवली गेली, दारावर थाप पडली, चिठ्ठी दिसली, तालीम झाली. मग तिने खरी आज्ञा दिली, आणि यावेळी डब्याने नकार दिला नाही. नवं प्रमाणपत्र मिळालं होतं.

थोरलीने वेबसाइट उघडली. लाल फुली तशीच होती.

“अजून आहे,” आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि ती ऐकून थोरलीला आतून बरं वाटलं. सकाळी याच माणसाला डबा बंद करायचा होता.

“नवं कुलूप घरात आलंय, दारावर अजून जुनंच लटकतंय,” ती म्हणाली. “ते बदलायला सांगते.” तिने वेबसाइट चालवणाऱ्या प्रोग्रॅमला नवं प्रमाणपत्र वाचायला लावलं, आणि पान पुन्हा उघडलं. फुली गेली होती. तिच्या जागी कुलपाचं इवलंसं चित्र होतं, आणि त्याखाली आप्पांनी चाळीस वर्षांपूर्वी पेन्सिलने काढलेलं पहिलं कुलूप.

थोरलीने कीबोर्डवरचे हात उचलले. भावाचं काम मोडता मोडता तिने वाचवलं होतं, आणि मोडलं होतं तेही तिनेच, हे खरं. पण या क्षणी तिला लाज वाटत नव्हती. तिला स्वतःचा अभिमान वाटत होता आणि भावाचा त्याहून दसपट वाटत होता.

तिने मावशींना निरोप धाडला की आता खुशाल आत या. तो पोचतो न पोचतो तोच काउंटरवरचा फोन वाजला. थोरली उठणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, “बस तू,” आणि स्वतः बाहेर जाऊन त्यांनी फोन घेतला. आप्पा सहसा फोन घेत नसत. मधलं दार उघडं होतं, तिला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

“हां, मीच बोलतोय. फुली गेली ना? मग टाका पासवर्ड, बेधडक. मी सांगतोय... नाही हो, बाहेरून कोणाला नाही बोलावलं. मुलीने केलं. माझ्यासमोर केलं, मी बघत होतो. एकेक पायरी नीट... हो, हात चांगला आहे तिचा.”

मग मावशींनी काहीतरी लांबलचक विचारलं असावं. आप्पा ऐकत राहिले. थोरलीला दारातून त्यांची पाठ दिसत होती, आणि फोनची वायर बोटाला गुंडाळणारा हात.

“बसवलं होतं कोणी? माझ्या मुलाने. धाकट्याने.” आप्पा थांबले. “नाही, नाही. कॉम्प्युटरवाला नाही. कुलूपवाला होता तो. मी आज त्याचं काम बघितलं, मावशी. माझ्याहून चांगला होता.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. थोरलीने तोंडावर ओढणी धरली आणि रडू दिलं स्वतःला. आप्पा आत आले, तिच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि स्टूल डब्याच्या आणखी जवळ ओढून बसले.

“बंद करायची वेळ झाली,” तिने डोळे पुसत म्हटलं.

“आज शटर तू ओढ,” आप्पा म्हणाले. “अर्धंच ओढ. मला जरा बसू दे त्याच्यापाशी.”